दावलची टोपी

"मग डोळे मिटले कुणी?"

शार्दूलने शेवटचा फोटो चटईवर ठेवला. बाकीचे दहा आधीच मांडून झाले होते.

कासमबाबा सुईत दोरा ओवत होते. फोटोंकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बाबा, मी विचारतोय."

"ऐकतोय की."

"दोनशे चाळीस फोटो काढले. टोपी घातलेले सगळे असे. एकातही डोळे उघडे नाहीत. टोपीशिवायचे बघा... हे. हे बघा. सगळ्यांत उघडे. मी डोळे मिटलेच नव्हते. सरळ कॅमेऱ्याकडे बघत होतो."

"मग तसंच असंल."

"कसं?"

"तू म्हन्तोस तसं. तू मिटलं न्हाईस."

बाबांनी टाका घातला. दोरा कापडातून सर्रकन बाहेर आला.

शार्दूल पोतनीस सव्वीस वर्षांचा होता, पुण्याचा. दीड वर्षात त्याची गाणी घराघरातल्या फोनवर पोचली होती, आणि त्याला गुरू कोण, असं विचारणारे लोकही आता भेटू लागले होते. एका चकचकीत मासिकाने त्याला मुखपृष्ठासाठी बोलावलं. स्टुडिओत पडदा होता, पडद्यावर रंगवलेली माती होती आणि रंगवलेली पडकी भिंत होती. समोर शार्दूल. हातात वाजवता येत नसलेली एकतारी, अंगात परदेशी शिलाईचा कोट, आणि डोक्यावर जुन्या कापडाच्या तुकड्यांची, हाताने शिवलेली टोपी.

मासिकाच्या भाषेत याला मुळांशी नातं म्हणतात.

त्या मासिकाची रेवती कारखानीस दारात उभी होती. गॉगल केसांवर, फोन हातात. लेख छापखान्यात गेला होता. अंकाच्या जाहिरातीसाठी गुरूचे दोन शब्द तेवढे हवे होते.

बाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठिकाण, गावाबाहेर माळावर. एक खोली, वर पत्रा, मागे दोन कबरी. भिंतीला ओळीने खुंट्या, आणि बहुतेक खुंट्यांवर टोप्या.

इथला नियम साधा आहे. गाणं शिकायला येणाऱ्याने आधी आपली टोपी शिवायची. जुन्या कापडाचे सात थर, आणि त्यांवर शेंड्यापासून काठापर्यंत गोल गोल धावदोरा, टाक्याला टाका लागून. बाबा गातात, शिष्य शिवतो. शिवणाऱ्याने गायचं नाही. ऐकायचं. टोपी पुरी झाली की बाबा ती आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवतात, आणि त्या दिवशी तो या खोलीत पहिल्यांदा तोंड उघडतो. कुणाला वर्ष लागतं, कुणाला पाच.

शार्दूल चार महिने टिकला. टोपी अर्धी झाली तेव्हा त्याचं एक गाणं गाजलं. अर्धी टोपी ठेवून तो उठला. लवकरच येतो, म्हणाला होता.

"फोटोंचं जाऊ दे," तो आता म्हणाला. "दुसरं एक आहे." त्याने दाराकडे पाहिलं. "रेवती, तू जरा बाहेर..."

"मी कुठेही जाणार नाही. माळावरचं ऊन बघितलंस?"

त्याने एक फोटो उलटा ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "मला माझा आवाज ऐकू येत नाही."

बाबा शिवत राहिले.

"बोलतो ते येतं. पंखा ऐकू येतो, तबला ऐकू येतो, समोरचा माणूस खोकला तर तेही. पण मी गायला लागलो की... माझाच तेवढा येत नाही."

"मग काय येतं?"

"दोरा. कापडातून दोरा ओढल्यासारखं. आत्ता तुम्ही ओढलात ना... तसं. मी गाईन तितका वेळ."

बाबांचा हात थांबला.

"कवापासनं?"

"फोटो काढले त्या दिवसापासून."

"डाक्टर?"

"तिघांना दाखवलं. कान ठणठणीत आहेत म्हणतात."

रेवती आत आली. "हे तू मला का नाही सांगितलंस? आणि काहीतरीच काय? कधी नव्हे इतका सुंदर गातोयस तू. परवा तालमीत ढोलकीवाला रडला. ढोलकीवाले रडत नाहीत, बाबा. मी वीस वर्षं बघतेय."

"त्येच तर," शार्दूल म्हणाला, आणि बाबांसारखं बोललो हे लक्षात येऊन थबकला. "तेच तर सांगतोय. सगळे म्हणतात, आवाजाला खोली आली. कुठली खोली? मला काही कळतच नाही. शनिवारी पुण्यात कार्यक्रम आहे. अडीच हजार माणसं येणार. मी तोंड उघडतो आणि... मी तिथे नसतोच, बाबा."

"टोपी आनलीस?"

त्याने पिशवीतून पुडकं काढलं. मासिकवाल्यांनी टोपी पातळ पांढऱ्या कागदात जपून गुंडाळली होती. त्याने ती उघडून चटईवर ठेवली. बाबांनी हात लावला नाही.

"कुनाची ही?"

शार्दूल पांढऱ्या कागदाची घडी घालू लागला.

"त्याचीच," रेवती म्हणाली. "त्याने स्वतः शिवलीय. आमचा लेखच त्यावर आहे." तिने फोनवर बोट फिरवून वाचलं. "'प्रत्येक टाका माझ्या हाताचा आहे. या टोपीत माझं मौन आहे.' मथळाच आहे तो."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"असं म्हनालास?"

"...हो."

"ह्याच शब्दांत?"

"हो."

"कुठनं घेतलीस?"

"त्या... शेवटच्या खुंटीवरून. माझी न्यायला आलो तेव्हा तुम्ही विहिरीवर गेला होता. माझी अर्धीच होती, आणि फोटो दुसऱ्या दिवशी होते. म्हटलं, नुसतं कापड आहे. झालं की आणून ठेवीन."

रेवतीने फोन खाली घेतला. "म्हणजे तू शिवलेली नाही?"

त्याने टोपीचा काठ चाचपला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. हिशेब होता.

"ती दावलची," बाबा म्हणाले.

"दावल कोण?"

"भांड्यास्नी कल्हई करायचा. गावोगाव फिरून. हात कापायचे त्येचे, म्हनून टाकं बारीक घालायचा. बारा वर्सं बसला हितं. हितंच, तू बसलास तितं."

शार्दूल नकळत सरकला.

"टोपी पुरी झाली त्या दिशी शेवटची गाठ मारली, दातानं दोरा तोडला. माज्याकडं बघून हसला. मी म्हनालो, उद्या सकाळी डोक्यावर ठिवतो. मग गा."

बाबांनी सुई सदऱ्याच्या खिशाला टोचली.

"सकाळी उठला न्हाई."

"म्हणजे तो कधी..."

"कधीच न्हाई. बारा वर्सांत एक ओळ न्हाई. शिवनाऱ्यानं गायचं न्हाई म्हनलं, तर झोपंत सुद्धा गुनगुनला न्हाई. मागं हाय त्यो. आंब्याकडची कबर."

वर पत्रा उन्हाने तडतडला.

"गा," बाबा म्हणाले.

"आत्ता?"

"पहाटंचं पद. चार म्हयने ऐकलंस त्ये."

शार्दूलने घसा साफ केला. तो आवाज त्याला ऐकू आला. मग त्याने तोंड उघडलं.

आणि खोलीत दोरा ओढला जाऊ लागला.

आधी सुई कापडात शिरल्याची बारीक टिक. मग सर्र... लांब, सावकाश. मग पुन्हा टिक. त्याच्या छातीत श्वास भरत होता, गळा हलत होता, टाळूला कंप जाणवत होता. म्हणजे गाणं होतं. कुठेतरी होतं. त्याला मात्र फक्त टाके ऐकू येत होते. टाके बारीक होते. घालणाऱ्याचा हात कापत असावा, कारण दोन टाक्यांमधला वेळ सारखा नव्हता.

त्याने बाबांच्या हातांकडे पाहिलं.

हात मांडीवर होते. रिकामे. सुई सदऱ्याच्या खिशाला टोचलेली होती.

खोलीत कुणीही शिवत नव्हतं.

त्याला थांबायचं होतं. पण पद संपेपर्यंत त्याला थांबता आलं नाही.

रेवतीने रेकॉर्डिंगसाठी फोन धरलेला होता आणि दुसऱ्या हाताच्या पाठीने ती डोळे पुसत होती. बाबा पुढे झुकले होते. ते शार्दूलच्या ओठांकडे बघत होते, दाराआडून कुणी यायचं असावं तसे.

"आलास व्हय," ते हळूच म्हणाले. "ये, दावल."

"मी शार्दूल आहे, बाबा."

"तुज्याशी न्हाई बोललो."

शार्दूलच्या अंगावर काटा आला. त्याने तो रागात लपवला. शहाण्या माणसांना ते जमतं.

"त्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलाच नाही. आत्ताच म्हणालात. मग हा त्याचा, हे कशावरून?"

"तुमचं रेकाडिंग लावा, बाई."

रेवतीने लावलं. बाबा ऐकत राहिले. शार्दूलही ऐकत राहिला. टिक. सर्र. टिक.

"तुमाला काय येतंय?" बाबांनी तिला विचारलं.

"गाणं. काय म्हणजे?"

"ह्येला इचारा."

शार्दूलने नाही म्हणून मान हलवली.

पद शेवटाकडे आलं तेव्हा बाबांनी बोट वर केलं. "ही. ही जागा ऐका. उतरताना स्वर धरून ठिवला आन् मग सोडला... ही. माजा पोरगा गेला त्या सकाळी एकदाच अशी घेतली. ठरवून न्हाई. गळ्यातनं आली. पुन्ना कधी घेतली न्हाई, घेववली न्हाई. खोलीत एकटा दावल हुता. शिवत. तू तवा साळंत असशील."

"कुणीतरी रेकॉर्ड केलं असेल," रेवती म्हणाली. "त्याने कुठेतरी ऐकलं असेल."

"हितं तवा वीज न्हवती, बाई."

शार्दूलने टोपीकडे पाहिलं, मग बाबांकडे. आवाज चढला. "ठीक आहे. त्याचा आवाज. असेल. पण मला माझा का ऐकू येऊ नये? टोपी तर आज डोक्यावर नाही. ती तिथे पडलीय. मी त्याचं काय केलं? एक दिवस डोक्यावर घातली, एवढंच."

"हितला नियम ठावं हाय न्हवं?"

"आहे."

"शिवनाऱ्यानं काय करायचं?"

"ऐकायचं."

"आन्?"

"गायचं नाही."

"टोपी कुनी शिवली म्हनालास?"

शार्दूलने रेवतीकडे पाहिलं.

"बोल की. जगाला सांगितलंस, मला सांग. परत्येक टाका कुनाच्या हाताचा?"

"...माझ्या."

"मग बस ऐकत."

शार्दूल टोपीवरच्या टाक्यांकडे बघू लागला.

"तू दावल झालास," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते अधिक वाईट वाटलं. "मग दावलनं काय व्हायचं?"

रेवती आधी सावरली. ती शार्दूलशेजारी उकिडवी बसली आणि समजूत घालावी तशी बोलली. "ऐक माझं. आवाज कुणाचाही असू दे. लोकांना तो तुझा वाटतोय. आजवर इतकं चांगलं तू गायला नाहीस, हे तुलाही माहीत आहे. तुला ऐकू नाही आलं तर काय बिघडलं? निम्मे गायक स्वतःला ऐकतच नाहीत. आणि ते मिटलेले डोळे... अरे, असं मुखपृष्ठ आम्ही दहा वर्षांत केलं नाही. ऊठ. टोपी घे. निघू."

शार्दूल उठला नाही. तो फोटो बघत होता. फोटोतला कोट त्याचा होता, हनुवटी त्याची होती, कानाजवळचा तीळ त्याचा होता. आरशात आणि पडद्यावर त्याने स्वतःला हजारदा पाहिलं होतं, पण हा चेहरा कधी पाहिला नव्हता. हा समोर कुणी आहे का हे बघत नव्हता. याला कुणी बघावं असंही याला वाटत नव्हतं. तो ऐकत होता, एवढंच.

हा चेहरा आपला व्हावा, असं त्याला वाटलं. आणि तो आपला नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

"ती ओळ काढ," तो म्हणाला.

"कोणती?"

"प्रत्येक टाका माझ्या हाताचा. खोटं आहे ते. दावलच्या हाताचा आहे. नाव लिही. दावल... बाबा, आडनाव?"

"दावल कल्हईवाला म्हनायचे."

"दावल कल्हईवाला. लिही."

"अंक छापून झालाय, शार्दूल."

"मग पुढच्या अंकात दे."

"असं कुणी देत नाही."

हे मात्र ती खरं बोलली. खोटं मुखपृष्ठावर येतं आणि दुरुस्ती कुठेच येत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

"मग मी सांगीन. कॅमेरा लाव. आत्ता." त्याने टोपी दोन्ही हातांत घेतली. "ही मी शिवलेली नाही. मी ती खुंटीवरून उचलली, न विचारता. माझी अर्धीच आहे. चार महिने बसलो आणि उठलो."

"मी हे लावणार नाही कुठेही."

"नको लावूस. मी सांगितलं."

"आणि शनिवारी?"

बाबांनी पाठीमागच्या पेटीत हात घातला आणि एक अर्धी टोपी काढली. सुई तिच्यात तशीच होती, सोडली होती त्या टाक्यावर. तिला गंज चढला होता.

"पुरी व्हायला किती दिवस लागतील?" शार्दूलने विचारलं.

"मला काय ठावं? हात तुजा हाय."

शार्दूलने अर्धी टोपी घेतली. "शनिवारी मी नसेन, रेवती. त्यांना कळव."

"वेडा आहेस. सहा महिन्यांत तुला कुणी ओळखणार नाही."

"असेल."

तिने फोटो गोळा केले, एकही मागे न ठेवता. दारात थांबून फोन वर धरला. "निदान हे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. एवढं तरी पुरेल." आणि ती उन्हात गेली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. गाडी मात्र सुरू झाली नाही. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"शार्दूल... अरे, हे काय झालं? यात गाणं नाहीये. नुसतं... टिक टिक, सर्र सर्र येतंय."

बाबांनी वर पाहिलं नाही. ती पुन्हा आत येईल असं शार्दूलला वाटलं. ती आली नाही. गाडी घाईने सुरू झाली आणि माळावरून दिसेनाशी झाली.

शार्दूलने गंजकी सुई काढून टाकली. बाबांनी दिलेल्या सुईत दोरा ओवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग तो बसला. दावल बसायचा त्याच जागी. या वेळी तो सरकला नाही.

"गा ना, बाबा," तो म्हणाला. "मी शिवतो."

बाबा उठले. गुडघे धरून, सावकाश. त्यांनी दावलची टोपी उचलली, फुंकर घालून तिच्यावरची कागदाची कुसं झटकली. ती खुंटीला लावतील असं शार्दूलला वाटलं. पण ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सकाळी ठिवतो म्हनालो हुतो," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "लई उशीर झाला."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती टोपी शार्दूलच्या डोक्यावर ठेवली.

शार्दूलचे डोळे मिटले. त्याने ते मिटले नव्हते.

अंधारात त्याला सुई बोटांत जाणवली. न बघता त्याने टाका घातला. टाका सरळ गेला. दोरा ओढला. दोऱ्याचा आवाज आला नाही.

त्याचा श्वास भरला. ओठ उघडले. तो घाबरला. "बाबा, शिवणाऱ्याने गायचं नाही..."

"तू कुठं गातोयस?"

त्याने दुसरा टाका घातला. तिसरा. छातीत कंप उठत होता, टाळूवर घुमत होता. आणि मग खूप लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, एक आवाज आला. जरा कापरा होता. कधीच न वापरलेला असावा तसा कोरा होता. पहाटेचं पद होतं. एकेक शब्द थांबून, चाचपडत जवळ येत होता. शार्दूलची सुई थांबली नाही. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी हातातल्या अर्ध्या टोपीवर पडत होतं आणि तो टाक्याला टाका लावत होता.

आवाज वाढला. बारा वर्षं दाबून धरलेलं एकदम बाहेर येऊ बघत होतं, आणि शब्दांवर शब्द चढू लागले.

बाबा समोर बसले. त्यांनी शार्दूलच्या ओठांकडे पाहिलं आणि तळहात किंचित खाली केला.

"जरा दमानं गा रं, दावल. ह्यो आत्ता कुठं ऐकाय लागलाय."